वळणापासून बारा सेकंद

नववीत आमच्या वर्गातल्या एकोणीस जणांचा वाढदिवस एकाच तारखेला होता. त्यात मीही होते.

ही भानगड गणिताच्या सरांनी उजेडात आणली, आणि बिचाऱ्यांना ती आणायची नव्हती. सुरतेत लिंबायतला आमची मराठी माध्यमाची शाळा होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्गातली बहुतेक पोरं खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेल्यांची, माझ्यासारखीच. सर नाशिककडचे. शनिवारी शेवटच्या तासाला ते पुस्तक मिटायचे आणि गणितातली एखादी नवलाची गोष्ट सांगायचे. कागदाला बेचाळीस घड्या घालता आल्या तर त्याची जाडी चंद्रापर्यंत जाईल, असं त्यांनी एकदा सांगितलं. आम्ही घरी जाऊन वर्तमानपत्राला घड्या घातल्या. सातवी घडी घालायला मी पाट्यावरचा वरवंटा वापरला आणि वरवंटा पायावर पडला. चंद्र राहिला बाजूला.

तर त्या शनिवारी सर म्हणाले, "तेवीस माणसं एकत्र आली तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. तुम्ही तर शेहेचाळीस आहात. एक तरी जोडी निघणारच. नाही निघाली तर सगळ्या वर्गाला लोचो माझ्याकडून." लोचो म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला, लिबलिबीत, वर तेल आणि शेव घातलेला प्रकार. नाव ऐकूनच वर्गाच्या तोंडाला पाणी सुटलं.

पहिल्या बाकावरून सुरुवात झाली. पहिली म्हणाली एक जून. दुसरी म्हणाली एक जून. सरांचा चेहरा फुलला. तिसरा मार्चमधला निघाला, चौथा एक जून, पाचवी एक जून. बाराव्या एक जूनला सरांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्या गावाला बाकीचे महिने नसतात का रे?"

महिने असायचे, पण कुणी लिहून ठेवायचं नाही. शाळेत घालायच्या वेळी गुरुजी विचारायचे, पोर कधी झालं? आई सांगायची, विहिरीचं काम चालू होतं तेव्हा. गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि पुढे एक जून टाकून द्यायचे, म्हणजे प्रवेशाच्या वेळी वय बरोबर बसतं. माझ्या वेळी मायनं सांगितलं होतं, वांगी लागली होती तेव्हा. वांगी काय, बारा महिने लागतात.

सर पैज जिंकले, पण इतकी जिंकले की त्यांनाच लाज वाटली. त्यांनी लोचो खाऊ घातला. शेव वाढता वाढता म्हणाले, "गणित करण्याआधी आकडा कुठून आलाय ते बघत जा. मी नाही बघितलं." तेव्हा माझं सगळं लक्ष लोचोकडे होतं, पण हे वाक्य तेलकट बोटांसकट लक्षात राहिलं.

पुढच्याच आठवड्यात आगगाडीची उदाहरणं सुरू झाली. अमुक मीटर लांबीची गाडी तमुक वेगाने जात असेल तर एक खांब किती वेळात ओलांडेल? माझ्या जिभेला हाड नव्हतंच. मी उभी राहिले.

"सर, खांबाऐवजी माणूस असला तर?"

"माणूस बाजूला होईल."

"किती वेळात?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "ते पुस्तकात नाही. तू काढून आण."

मी चेष्टेत विचारलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रोज रूळ ओलांडून कामावर जायचे. आमची वस्ती रुळांच्या एका अंगाला आणि त्यांचं खातं दुसऱ्या अंगाला. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. सरळ वाट होती ती रुळाखालच्या बोगद्यातून, गरनाळ्यातून. पण तिकडून पंधरा मिनिटं जास्त लागायची. म्हणून अर्धी वस्ती रेल्वेच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून, सायकल खांद्यावर घेऊन, दोन्ही रूळ ओलांडून जायची. पाळी बदलायच्या वेळी पाच मिनिटं उशीर झाला की त्या दिवसाचे माग दुसऱ्याला मिळायचे. त्यामुळे आबांना घड्याळाची भीती वाटायची आणि गाडीची मुळीच वाटायची नाही. मला उलट वाटायचं. रोज ते निघाले की मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर खिंडारापर्यंत जायचे आणि तिथून पुढे मला जाववायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वस्तीत धीट म्हणून माझं नाव होतं ना.

मी विषय काढला की आबांचं उत्तर ठरलेलं. "वीस वरीस व्हयनात. काय व्हयनं माले?"

वीस वर्षांत काही झालं नाही, यावर काय बोलणार? मी ठरवलं, आकडे गोळा करायचे. वहीत दोन रकाने आखले, 'हो' आणि 'नाही', आणि गल्लीतल्या दारोदारी जाऊन विचारलं, "रूळ ओलांडताना तुम्हाला कधी गाडीनं उडवलं आहे का?" एकतीस जणांना विचारलं. एकतीसही जण नाही म्हणाले. एक काका तर भडकलेच. उडवलं असतं तर इथं बसून विडी ओढली असती का, म्हणाले. मी त्यांच्याही नावापुढे इमानदारीत 'नाही' लिहिलं.

बत्तिसावं घर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीचं. तिनं प्रश्न ऐकला. हातातल्या गवारीच्या शेंगा तशाच राहिल्या. मग ती म्हणाली, मला तर नाही उडवलं, आणि हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता.

"त्यास्ले इचार," ती म्हणाली.

माझ्या वहीत तशा उत्तराला रकाना नव्हता. मला ते ठाऊक असायला हवं होतं. पण आम्ही त्या गल्लीत राहायला येण्याआधीची ती गोष्ट, आणि तिनं कधी बोलून दाखवली नव्हती. मला इतकं शरमल्यासारखं झालं की मी गरज नसताना पावशेर गवार घेतली. तिनं वर कोथिंबीर घातली, त्यानं आणखी शरम वाटली.

सोमवारी सरांना वही दाखवली. त्यांनी एकतीस 'नाही' वाचले आणि मान हलवली. "हे तुझे एक जून आहेत," म्हणाले. "ज्यांना गाडीनं उडवलं ते दार उघडायला येत नाहीत. त्या विडीवाल्या काकांनी तुला खरं गणित सांगितलं होतं, तू नुसतं 'नाही' लिहून आलीस."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि बजावलं, भिंतीच्या अलीकडूनच मोजायचं, पलीकडे पाऊल टाकलंस तर घड्याळ परत घेईन आणि घरी येऊन सांगेन.

मी मोजलं. खिंडारात उभं राहिलं की डावीकडे रूळ एका बाभळीपाशी वळतात, त्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. वळणावर गाडी दिसल्यापासून खिंडारासमोर येईपर्यंत किती सेकंद लागतात, ते तीन दिवस पाहिलं. मालगाड्या रमतगमत यायच्या. वेगातल्या गाडीला बारा सेकंद लागायचे. बाभळीपासून खिंडारापर्यंत भिंतीकडेनं माझी तीनशे साठ पावलं भरली. दोन पावलांचा मीटर धरला तर एकशे ऐंशी मीटर. म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर, ताशी चोपन्न किलोमीटर. पुस्तकातलं उदाहरण आमच्या दाराशी येऊन उभं राहिलं होतं.

मग आबांना मोजलं, त्यांच्या नकळत. सायकल खांद्यावर, दुसऱ्या हातात डबा, पायाखाली सरकती खडी. खडीवर चढल्यापासून पलीकडे उतरेपर्यंत पंधरा सेकंद.

बारातून पंधरा वजा. उत्तर उणे तीन.

सरांना उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "गाडी वळणावर दिसायच्या आधी कळायला हवी. तशी कशी कळेल?"

"ऐकून," मी म्हणाले. कारण आबांचा सगळा भरवसा त्यावरच होता. ते नेहमी म्हणायचे, गाडी बाभळीपलीकडे मैलभर असते तेव्हाच मला तिची चाहूल लागते.

आणि इथं माझी खरी पंचाईत झाली, कारण माझा आबांच्या कानांवर विश्वास नव्हता. ज्यानं मागाच्या खात्यात पाऊल ठेवलंय त्याला सांगायला नको. शंभर माग एका छपराखाली खडखडत असतात. माणसं दिवसाचे बारा तास एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलतात. खात्यातून सुटलेली माणसं चहाच्या गाडीवर भेटली की सगळी वस्ती त्यांचं खासगी ऐकते. आबा मायच्या कानात काही सांगायचे तेव्हा शेजारीण भिंतीपलीकडून सल्ला द्यायची. पण ऐकू कमी येतं असं त्यांच्यापैकी एकही जण कबूल करायचा नाही. आमचे लोक घसा मोठा करतील, कान लहान झालाय म्हणणार नाहीत.

मी आबांपुढे पैज ठेवली. ते ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसतील. मी ताटावर चमचा वाजवत गल्लीत लांब लांब जाईन. ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. चुकले तर उद्यापासून गरनाळ्यातून जायचं. जिंकले तर रुळांबद्दल मी पुन्हा तोंडातून आवाज काढायचा नाही. आबांना पैज म्हटलं की चेव यायचा. त्यांनी बनियन झटकलं, ओट्यावर मांडी घातली आणि पैलवानासारखी मान मोडली.

खात्याच्या सुटीचा दिवस होता, सगळी गल्ली ओट्यांवर आली. दहा पावलांवर चमचा वाजवला, हात वर. तीस पावलांवर, हात वर. मी लबाडी करून मध्येच नुसता चमचा फिरवला, ताटाला लावला नाही. हात खाली. साठ पावलांवर मी मुद्दाम जरा हलका वाजवला. आबांचा हात वर. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. विडीवाल्या काकांनी तर आबांना खांद्यावर घ्यायची तयारी केली. मायनं खुशीत शिरा केला, आणि तो खाताना आबांनी चार वेळा विचारलं, "आते कसं?"

शिरा गोड होता, पण आबा उद्या पुन्हा खिंडारातूनच जाणार होते.

दोन दिवस मी पैज पाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा डबा घेऊन निघाले. माय स्टोव्हपाशी होती. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या मनात आलं, पैज आवाज न काढण्याची आहे, तोंड न उघडण्याची नाही. म्हणून मी त्यांच्याकडे बघून, चिडवायला म्हणून, अजिबात आवाज न करता नुसते ओठ हलवले. रुळावरून जाऊ नका.

"परत तेच?" आबा तडकले. "पैज हारनी ना तू?"

मायनं स्टोव्हवरून मान वळवली. "काय बोलनी ती?"

"रूयवरथून जाऊ नका म्हणे."

"ती बोलनीच नही," माय म्हणाली.

स्टोव्हचा फरफर आवाज तेवढा येत होता. निदान मला आणि मायला येत होता.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा, आवाज न करता, ओठांनी विचारलं, चहा घेणार का? आबांनी सवयीनं तोंड उघडलं, अर्धा कप म्हणायला, आणि ते मध्येच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते थांबणं मी आयुष्यात विसरणार नाही. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

मग ताटाचं काय? ते मी त्याच दुपारी जाऊन बघितलं. आबा ज्या जागी बसले होते तिथं बसले. समोरच्या ओट्यावर शेजारची आजी तांदूळ निवडत होती, पैजेच्या दिवशी निवडत होती तशीच. मी एका पोरीला मागं पाठवलं आणि चमचा वाजवायला लावला. दर वेळी आजीची पापणी लवायची. मागाच्या गर्दीत तुटलेला एक धागा लांबून टिपणारा माणूस, त्याला समोरची पापणी किती अवघड? सरांनी सांगितलं होतं, आकडा कुठून आला ते बघ. साठ पावलांवरचा तो हात आजीच्या पापणीतून आला होता. आबांनी मुद्दाम फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच वाटत होतं की ते ऐकतायत. इतकी वर्षं ते सगळं जग डोळ्यांनीच ऐकत होते. आणि रूळ ओलांडताना डोळे खाली, खडीवर असतात.

त्या दिवशी ते कोणत्या वाटेनं गेले मला माहीत नाही. संध्याकाळी आले, जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. हात धुताना मायला म्हणाले, "सकायले पंधरा मिनिट पहिले उठाड माले."

बस. एवढीच कबुली. मायनं काही विचारलं नाही आणि मीही तोंड मिटून बसले, जे मला फार कमी वेळा जमलंय.

आबा गरनाळ्यातून जाऊ लागले. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी तुंबायचं. ते सायकल डोक्यावर घेऊन यायचे, पँट पिळायचे आणि मला सुनवायचे, "तुना गनितमा पानी नव्हतं." खरंच नव्हतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, पाण्याचं प्रकरण दहावीला आहे.

एके दिवशी आबांनी मला जवळ बोलावलं. तुझी ती दोन रकान्यांची वही आण, म्हणाले. त्यांना बघायचं होतं की त्यांना काय काय ऐकू येत नाही. आम्ही लिहायला बसलो. कुकरची शिट्टी, हो. गल्लीतली भांडणं, हो, नको तितकी. दूधवाल्याची घंटा, नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, नाही. दाराबाहेरच्या चिमण्या, नाही. मी लिहीत सुटले होते आणि बेसावधपणे म्हणून गेले, "मायचं गाणं."

"कोन्तं गानं?"

माय भाकरी थापताना गाणी म्हणायची. कानबाईच्या सणाला गावाकडे बाया म्हणतात ती, हळू आवाजात, रोज सकाळी. मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. मला वाटायचं आबाही ऐकत असतील. पण स्टोव्ह भिंतीला लागून होता. माय भिंतीकडे तोंड करून बसायची आणि आबा तिच्या मागं बसून चहा प्यायचे. रोज सकाळी त्यांना दिसायची ती फक्त तिची पाठ.

"कव्हयपासून?" आबांनी विचारलं.

मायनं पदर तोंडाला लावला. "लगीन व्हयनं तव्हयपासून."

आबांनी वही माझ्या हातून घेतली, थोडा वेळ 'नाही'च्या रकान्याकडे बघत बसले आणि मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी जागी झाले तेव्हा खोलीत मला काहीतरी वेगळं दिसलं. पाण्याचा माठ त्याच्या कोपऱ्यातून हलवला होता आणि त्या जागी आबांचा पाट होता. भिंतीला पाठ लावून, चहाचा कप हातात धरून, ते मायच्या तोंडाकडे बघत बसले होते. गरनाळ्याच्या वाटेनं निघायला अजून पंधरा मिनिटं होती. त्यांना समोर बघून माय लाजली, गाता गाता गप्प झाली आणि नुसतीच भाकरी थापू लागली.

"थांबू नको," आबा म्हणाले, नेहमीसारखं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "माले दिसी राह्यनं."